व्हेक्टर आरेखन व द्विमितीय ॲनिमेशन: नवशिक्या अभ्यासकासाठी साधननिवडीचा विचार

ज्ञानव्यवहारात साधनांच्या निवडीस दुय्यम स्थान देण्याचा प्रघात आहे. सिद्धान्त, पुरावा आणि युक्तिवाद यांचा जितक्या काटेकोरपणे विचार होतो, तितका ते ज्या आकृतीतून मांडावयाचे त्या आकृतीच्या साधनाचा होत नाही. प्रबंधातील आकृती हाताशी असेल त्या सॉफ्टवेअरमध्ये काढली जाते. वर्गात दाखवावयाचे ॲनिमेशन कोणा परिचिताने सुचविलेल्या सॉफ्टवेअरमध्ये तयार होते. आणि काही वर्षांनी सुधारित आवृत्तीसाठी जुनी फाइल उघडावयास जावे तो ती उघडत नाही. निवडीचा प्रश्न पुष्कळदा अशा वेळी प्रथमच डोळ्यांसमोर येतो. परंतु तोपर्यंत श्रम वाया गेलेले असतात.

नवशिक्या अभ्यासक सामान्यतः ‘सर्वांत चांगले सॉफ्टवेअर कोणते?’ असा प्रश्न विचारतो. या प्रश्नाला निरपेक्ष उत्तर नाही. त्याऐवजी तीन प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरते. चित्रात नेमके काय हलणार आहे? तयार होणारी फाइल दहा वर्षांनी कोणत्या मार्गाने उघडता येईल? आणि तीत देवनागरी मजकूर बिनचूक उमटेल काय? या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचन मूर्त राहावे म्हणून पदार्थविज्ञानातील साध्या लंबकाचे उदाहरण येथे आधारास घेतले आहे. वरवर पाहता हे उदाहरण अगदी सोपे आहे. परंतु साधनाचे गुणदोष त्यातच चटकन उघडे पडतात.

१. व्हेक्टर चित्राचे स्वरूप

संगणकावर चित्र दोन प्रकारांनी साठविता येते. पहिल्या प्रकारात चित्राची सूक्ष्म चौकोनांत विभागणी करून प्रत्येक चौकोनाचा रंग नोंदविला जातो. छायाचित्र हे याचे परिचित उदाहरण होय. दुसऱ्या प्रकारात आकाराची व्याख्याच नोंदविली जाते: अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत रेषा, अमुक केंद्राभोवती अमुक त्रिज्येचे वर्तुळ, या वर्तुळाचा रंग तांबडा. या दुसऱ्या प्रकारास व्हेक्टर चित्र म्हणतात. पहिल्या प्रकारचे चित्र मोठे केले की त्याच्या कडा दातेरी होतात; दुसऱ्या प्रकारच्या चित्राचा आकार दर वेळी व्याख्येवरून नव्याने रेखाटला जात असल्यामुळे ते कितीही मोठे केले तरी कड स्वच्छ राहते. लंबकाची आकृती या पद्धतीने साठविली तर तीत एक आधारबिंदू, एक रेषा आणि एक वर्तुळ एवढीच सामग्री असते.

या पद्धतीचा इतिहास संगणकाच्या इतिहासाइतकाच रंजक आहे. इव्हान सदरलँड यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९६३ साली सादर केलेल्या प्रबंधात ‘स्केचपॅड’ या प्रणालीचे वर्णन केले. तीत प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा काढता येत, आणि त्या रेषा परस्परांशी समांतर किंवा समान लांबीच्या असाव्यात असे बंधनही घालता येई. वक्ररेषांचा प्रश्न मोटार-उद्योगात सुटला. सित्रोएन कंपनीतील पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ साली वक्र काढण्याची एक रीत शोधली. परंतु कंपनीने ती गुप्त ठेवली. रेनो कंपनीतील पिएर बेझिए यांनी तशाच वक्रांवरील आपले काम १९६० नंतरच्या दशकात प्रसिद्ध केले, आणि म्हणून ते वक्र आज बेझिए यांच्या नावाने ओळखले जातात.

नेहमीच्या वापरातील बेझिए वक्र चार बिंदूंनी निश्चित होतो. दोन बिंदू त्याची टोके असतात. उरलेले दोन वक्राला आपल्याकडे ओढतात, परंतु सामान्यतः वक्र त्यांच्यातून जात नाही. नवशिक्याला प्रारंभी हेच समजण्यास कठीण जाते, आणि एकदा समजल्यावर कोणत्याही व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये उपयोगी पडते. येथे एक मर्यादाही ध्यानात ठेवावयास हवी. अशा वक्रांनी परिपूर्ण वर्तुळ काढता येत नाही. चार वक्र जोडून केलेल्या वर्तुळात त्रिज्येच्या सुमारे ०.०३ टक्के इतकी चूक राहते. छपाईत ती दिसत नाही. तथापि आपण काढलेली आकृती ही एक आसन्न मांडणी आहे, याचे भान अभ्यासकाला असलेले बरे.

या विवेचनातून व्यवहारातील एक नियम निघतो: आकार जितक्या कमी बिंदूंत बसविता येईल तितका बसवावा. छायाचित्रावरून आपोआप व्हेक्टर चित्र करून देण्याची सोय पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये असते आणि नवशिक्याला तिचा मोह पडतो. परंतु तीतून निघालेल्या आकृतीत कित्येकदा शेकडो बिंदू असतात. ती पाहावयास ठीक दिसली, तरी पुढे तिच्यात दुरुस्ती करणे किंवा तिला हालचाल देणे जवळजवळ अशक्य होऊन बसते.

२. मधल्या चित्रांचा प्रश्न

चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी दाखविल्या जातात. म्हणजे दहा सेकंदांच्या ॲनिमेशनला २४० चौकटी लागतात. एकेक चित्र दोन चौकटींपर्यंत ठेवण्याची जुनी रीत स्वीकारली तरी १२० चित्रे काढावी लागतात. हस्तचित्रणाच्या कारखान्यांत अनुभवी चित्रकार हालचालीतील मुख्य अवस्था काढीत आणि त्यांच्या मधली चित्रे साहाय्यक भरीत. मधली चित्रे संगणकाकडून भरून घ्यावीत हा विचार त्यातूनच पुढे आला. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी या दिशेने काम केले, आणि त्यांच्या प्रणालीचा उपयोग करून पीटर फोल्डेस यांनी ‘हंगर’ हा लघुपट १९७४ साली पूर्ण केला. त्यातील आकृती एकमेकींत विरघळत जातात. जेथे रूपांतर हाच आशय आहे तेथे हा परिणाम प्रभावी ठरतो. परंतु प्रत्येक हालचाल म्हणजे रूपांतर नव्हे, हे लंबकाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

समजा, लंबकाची दोरी १०० सेंटिमीटर लांब आहे आणि तो मध्यापासून दोन्ही बाजूंस ३० अंश झुलतो. नवशिक्या अभ्यासक पहिल्या मुख्य चौकटीत गोळा डाव्या टोकाला ठेवतो, दुसरीत उजव्या टोकाला नेतो, आणि मधल्या चौकटी सॉफ्टवेअरवर सोपवितो. सॉफ्टवेअरने गोळ्याच्या स्थानांची सरासरी काढली तर गोळा कंसावरून न जाता सरळ जीवेवरून जातो, आणि मध्यावर दोरीची लांबी सुमारे ८७ सेंटिमीटर उरते. दोरी आखडते आणि पुन्हा लांब होते. पाहणाऱ्याला काहीतरी खटकते. विद्यार्थ्याला मात्र चुकीचे पदार्थविज्ञान शिकविले जाते.

यावर उपाय असा की, गोळ्याचे स्थान न बदलता आधारबिंदूभोवतीचा कोन बदलावा. दोरी व गोळा यांचा एक गट करावा, त्याचा परिभ्रमणबिंदू आधारावर ठेवावा आणि मुख्य चौकटींत केवळ कोनाची नोंद करावी. मग लांबी बदलण्याचा संभवच राहत नाही. हातापायांच्या हालचालींत याच तत्त्वाचा विस्तार करून आकृतीच्या आत हाडांचा सांगाडा कल्पिला जातो. बर्टनिक व वाइन यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मुख्य चौकटींच्या ॲनिमेशनसाठी सांगाड्याचे तंत्र मांडले होते. आजच्या सॉफ्टवेअरमधील ‘बोन’ नावाची सोय त्याच विचारपरंपरेतील आहे.

दुसरा दोष काळासंबंधी आहे. एक मीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल जवळजवळ २ सेकंद असतो. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यास १ सेकंद, अर्थात् २४ चौकटी लागतात. (३० अंशांच्या आंदोलनात हा काल पावणेदोन टक्क्यांच्या आसपास वाढतो, तो फरक येथे सोडून दिला आहे.) टोकाशी लंबकाचा वेग शून्य असतो व मध्यावर तो सर्वाधिक असतो. म्हणून एकूण ६० अंशांच्या प्रवासापैकी पहिल्या ६ चौकटींत त्याने सुमारे ९ अंशच कापले पाहिजेत. सॉफ्टवेअरने समान वेग धरला तर तेवढ्याच काळात तो १५ अंश जातो, आणि टोकाशी भिंतीवर आपटल्यासारखा उलटतो. मुख्य चौकटींच्या दोन्ही बाजूंस वेग हळूहळू वाढविण्याची व कमी करण्याची सोय वापरली, तर नेहमीच्या त्रिघाती वक्राने हे अंतर ९.४ अंश येते; खऱ्या मूल्याशी त्याचा मेळ पुरेसा जमतो.

ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरची खरी परीक्षा यावरून ठरते. त्यात किती कुंचले आहेत, किती तयार परिणाम आहेत, यापेक्षा कोन, स्थान, आकार आणि रंग यांना स्वतंत्रपणे मुख्य चौकटी देता येतात काय, आणि दोन चौकटींमधील वेगाचा वक्र वापरणाऱ्याच्या हाती राहतो काय, हे पाहणे अगत्याचे आहे. याउलट, धावणारा घोडा किंवा उसळणारे पाणी यांसारखी ज्यात दर चौकटीत आकारच बदलतो अशी हालचाल दाखवावयाची असेल, तर आपोआप भरलेली मधली चित्रे फारशी कामास येत नाहीत. तेथे एकामागून एक चित्र हातानेच काढावे लागते, आणि त्यासाठी निराळ्या प्रकारचे साधन हवे.

३. फाइलीचे आयुष्य

साधन आज कितीही सोयीचे असले, तरी त्यात केलेले काम त्या साधनाच्या हयातीपुरतेच टिकणार असेल तर विद्यापीठीय उपयोगासाठी ते अपुरे होय. या बाबतीत फ्लॅशचा इतिहास उद्बोधक आहे. १९९६ साली फ्यूचरवेव्ह या कंपनीने ‘फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर’ नावाचे सॉफ्टवेअर काढले. पुढे मॅक्रोमीडियाने ही कंपनी घेतली आणि त्या सॉफ्टवेअरला फ्लॅश हे नाव मिळाले. २००५ साली मॅक्रोमीडिया अडोबीकडे गेली. या काळात शाळा-महाविद्यालयांसाठी असंख्य शैक्षणिक ॲनिमेशने फ्लॅशमध्ये तयार झाली. ती पाहण्यासाठी लागणाऱ्या प्लेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेण्यात आला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात फ्लॅशच्या फाइली चालणेच बंद झाले. ‘रफल’ या मुक्त प्रणालीच्या साहाय्याने त्यांपैकी काही पुन्हा पाहता येतात. इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून असा संग्रह जतन करण्यास आरंभ केला. परंतु जुने ॲनिमेशन पाहता येणे आणि त्यात दुरुस्ती करता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

व्हेक्टर आरेखनातील फ्रीहँडचे उदाहरण याहून बोलके आहे. १९८८ साली आलेले हे सॉफ्टवेअर अनेक आरेखकांच्या रोजच्या वापरात होते. मॅक्रोमीडियाबरोबर तेही अडोबीच्या मालकीचे झाले, आणि २००७ साली त्याचा पुढील विकास होणार नाही असे जाहीर करण्यात आले. सॉफ्टवेअरमध्ये दोष होता म्हणून हे घडले नाही. मालकी बदलली एवढेच.

याच्या उलट बाजूचीही उदाहरणे आहेत. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर काढणारी कंपनी २००२ साली बंद पडली, तेव्हा वापरणाऱ्यांनी १,००,००० युरो जमवून त्याची मूळ संहिता खुली करून घेतली, आणि आज ते जोमाने वाढत आहे. सोडिपोडी या मुक्त आरेखन-सॉफ्टवेअरच्या काही विकसकांचे दिशेबाबत मतभेद झाले. त्यांनी २००३ साली त्याच संहितेवरून इंकस्केप सुरू केले. मूळ सोडिपोडीचे काम पुढे थांबले, परंतु इंकस्केप चालू राहिले. संहिता खुली असल्यामुळे मालकाच्या किंवा संचालकाच्या निर्णयाने काम संपुष्टात आले नाही.

तथापि, मुक्त परवाना म्हणजे दीर्घायुष्याची हमी, असे मानणेही चूक ठरेल. कितीतरी मुक्त प्रकल्प माणसांच्या अभावी थंडावले आहेत. अधिक भरवशाची गोष्ट म्हणजे फाइलीचे स्वरूप जाहीर व लिखित असणे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने २००१ साली एसव्हीजी हे व्हेक्टर चित्रांचे स्वरूप मानक म्हणून स्वीकारले. एसव्हीजी फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. ती ब्राउझरमध्ये दिसते, अनेक सॉफ्टवेअरमध्ये उघडते, आणि प्रसंगी केवळ मजकूर-संपादकात उघडून वाचता व दुरुस्त करता येते. ती निर्माण करणारे सॉफ्टवेअर उद्या नाहीसे झाले, तरी लंबकाची रेषा कोठून कोठे जाते हे त्या फाइलीत वाचावयास मिळेल.

४. उपलब्ध साधनांचा विचार

स्थिर आकृतींसाठी, म्हणजे आलेख, नकाशे, उपकरणांच्या रेखाकृती व भित्तिपत्रके यांसाठी, नवशिक्याने इंकस्केपपासून आरंभ करावा. त्याचे मूळ स्वरूप एसव्हीजी हेच आहे, ते विनामूल्य आहे, आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालते. त्याची १.० ही आवृत्ती २०२० साली आली. ॲनिमेशनसाठी लागणारी टाइमलाइन मात्र त्यात नाही, हे प्रारंभीच लक्षात घ्यावे. ती शोधण्यात वेळ घालवू नये.

आकृतीला हालचाल द्यावयाची असेल, आणि ती हालचाल लंबकाप्रमाणे कोन, स्थान व आकार यांच्या मोजक्या बदलांनी व्यक्त होत असेल, तर सिनफिग विचारात घ्यावे. २००५ साली मुक्त झालेले हे सॉफ्टवेअर मधली चित्रे आपोआप भरण्याच्या कल्पनेवरच उभे आहे. जवळजवळ प्रत्येक गुणधर्माला स्वतंत्र मुख्य चौकटी देता येतात, वेगाचा वक्र निवडता येतो, सांगाड्याची सोय आहे, आणि इंकस्केपमधील आकृती त्यात आणता येते. त्याची मांडणी प्रथमदर्शनी अपरिचित वाटते. शिवाय मुक्त हस्ताने चित्रे काढणाऱ्याला ते सोयीचे नाही. हे दोन्ही दोष मान्य करूनही शास्त्रीय आकृतींच्या कामासाठी ते योग्य ठरते.

चौकटीगणिक हाताने चित्र काढणाऱ्यांसाठी दोन मार्ग आहेत. क्रिटा हे मुख्यतः रंगचित्रणाचे सॉफ्टवेअर. त्यात २०१६ सालापासून ॲनिमेशनची सोय आहे, आणि नवशिक्याला ते लवकर हाती बसते. ओपनटून्झ अधिक विस्तृत आहे. इटलीतील डिजिटल व्हिडिओ या कंपनीचे टून्झ हे सॉफ्टवेअर जपानच्या स्टुडिओ जिब्लीने आपल्या चित्रपटांसाठी वापरले होते. २०१६ साली ड्वांगो कंपनीने ते ओपनटून्झ या नावाने खुले केले. कागदावर काढलेली चित्रे स्कॅन करून पुढे नेण्याची परंपरागत रीत त्यात उत्तम सांभाळलेली आहे. व्याप्ती मोठी असल्यामुळे शिकण्यास वेळ लागतो. ब्लेंडरमधील ‘ग्रीस पेन्सिल’ या साधनाने २०१९ सालच्या २.८० आवृत्तीपासून द्विमितीय ॲनिमेशनही समर्थपणे करता येते. परंतु मूळ सॉफ्टवेअर त्रिमितीय असल्याने पहिले साधन म्हणून ते जड जाते.

व्यावसायिक सॉफ्टवेअरचा विचार टाळणे योग्य नव्हे. १९८७ पासूनचे इलस्ट्रेटर आणि १९८९ पासूनचे कोरलड्रॉ ही परिपक्व साधने आहेत. ज्याला छपाईच्या किंवा जाहिरातीच्या व्यवसायात जावयाचे आहे, त्याला ती केव्हातरी शिकावीच लागतील. परंतु वर्गणीच्या पद्धतीत वर्गणी थांबली की स्वतःचीच फाइल दुरुस्त करण्याचा मार्ग अडतो. विभागाची सवलत पदवीबरोबर संपणार असेल, तर विद्यार्थ्याने या गोष्टीचा आधीच विचार करावा, आणि अशा सॉफ्टवेअरमध्ये काम केल्यास प्रत्येक आकृतीची एसव्हीजी किंवा पीडीएफ प्रतही ठेवावी.

५. देवनागरीची कसोटी

मराठीतून लिहिणाऱ्याला आणखी एक परीक्षा घ्यावी लागते. देवनागरीत अक्षरांचा टंकनक्रम व दर्शनक्रम एक नसतो. ‘नि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर टंकित होते, परंतु दिसते त्याच्या आधी. रफार आधी टंकित होतो आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. ही पुनर्रचना करण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये नसेल, तर शब्द मोडतात. इंकस्केपमध्ये युनिकोड देवनागरी व्यवस्थित जुळते. इलस्ट्रेटरमध्ये मात्र परिच्छेदासाठी भारतीय लिपींना अनुकूल असा अक्षरजुळणीचा पर्याय निवडावा लागतो. इतर कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये ‘निर्मिती’, ‘विद्यार्थ्यांच्या’ आणि ‘क्लृप्ती’ हे तीन शब्द लिहून पाहावेत. वेलांटी, रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे यांची परीक्षा एवढ्यात होते. ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये शब्द मोडत असतील, तर ते इंकस्केपमध्ये लिहून त्यांचे वक्रांत रूपांतर करावे आणि आकृती म्हणून पुढे न्यावेत. अशा रूपांतरानंतर तो मजकूर राहत नाही. त्यात शुद्धलेखनाची चूकही दुरुस्त करता येत नाही. म्हणून मजकूर कायम असलेली मूळ प्रत वेगळी ठेवणे आवश्यक आहे. फॉन्टचे नावही तिच्यासोबत नोंदवावे. अन्यथा दुसऱ्या संगणकावर ओळींची लांबी बदलून आकृतीची मांडणी विसकटते.

६. निवडीची रीत

वरील विवेचनावरून नवशिक्यासाठी एक साधी रीत सुचविता येते. वैशिष्ट्यांच्या याद्या तुलनेस घेण्याऐवजी एकच छोटे काम निश्चित करावे. एक मीटरचा लंबक, दोन्ही बाजूंस ३० अंश, एक पूर्ण आवर्तन, ४८ चौकटी, खाली ‘साधा लंबक: आवर्तकालाची निर्मिती’ अशी मराठी ओळ, एवढे पुरे. हे काम निवडलेल्या दोन सॉफ्टवेअरमध्ये करून पाहावे. दोरीची लांबी कायम राहते काय, टोकाशी वेग मंदावतो काय, अक्षरे जुळतात काय आणि फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते काय, या चार प्रश्नांची उत्तरे आठवड्याभरात मिळतात. शिकण्यासाठी मदत हवी असल्यास भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात इंकस्केप व सिनफिग या दोहोंवरील पाठ उपलब्ध आहेत.

काम पूर्ण झाल्यावर तीन गोष्टी एकत्र जतन कराव्यात: सॉफ्टवेअरची मूळ फाइल, आकृतींच्या एसव्हीजी प्रती आणि अंतिम चित्रफीत. त्यांच्यासोबत सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती, फॉन्ट आणि चौकटींचा दर यांची चार ओळींची टीप असावी. केवळ चित्रफीत ठेवली तर तीत पुढे सुधारणा करता येत नाही; केवळ मूळ फाइल ठेवली तर सॉफ्टवेअरबरोबर तीही जाते. विभागातून विद्यार्थी निघून जातात, अध्यापक बदलतात, संगणकही बदलतात. लंबकाची आकृती पुढच्या वर्गालाही लागणार असते, आणि ती पुढच्या अध्यापकाला उघडता यावी एवढी व्यवस्था ती काढणाऱ्यानेच करून ठेवावयास हवी.